कोणतं औषध लागू पडलं?

"टीचर, तुमच्या मुलाला कोणतं औषध लागू पडलं? नाव तेवढं सांगा."

हा प्रश्न मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो. कधी पालकसभेनंतर, कधी एखाद्या दावतीत बिर्याणीचं ताट हातात असताना, कधी रात्री अकरा वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर. विचारणारी बहुतेक वेळा आईच असते. तिच्या मुलाला एडीएचडी आहे असं कुणीतरी नुकतंच सांगितलेलं असतं आणि तिची झोप उडालेली असते. मी नाव सांगते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण मग तिला थोडा वेळ बसवून घेते. कारण सहा वर्षांत आमच्या घरात दोन औषधं झाली, सात वेगवेगळे डोस झाले, आणि आता पुन्हा पहिल्या औषधाकडे जायचं घाटतंय. त्यातलं नेमकं कोणतं नाव तिला सांगायचं? म्हणून हे एकदा सविस्तर लिहिते आहे. यातले आकडे माझ्या मुलाचे आहेत. ते वाचून कुणी आपल्या मुलाची गोळी बदलू नये, एवढी विनंती.

आम्ही गंजाडला राहतो. डहाणू तालुक्यातलं हे गाव बाहेरच्या जगाला वारली चित्रांमुळे माहीत आहे. पद्मश्री जिव्या सोमा म्हसे इथलेच. २०१८ मध्ये ते गेले, पण गावात चित्र काढणारे हात अजून पुष्कळ आहेत. माझा मुलगा त्या हातांकडे बघतच वाढला. अभ्यासाच्या वहीत दोन ओळी लिहून होण्याआधी उठणारा हा मुलगा खाकी कागदावर पांढऱ्या रंगाने तारपा नाच काढायला बसला की अर्धा तास हलायचा नाही. "चित्र काढताना बसतो ना? मग अभ्यासालाच कशी चंचलता येते?" असं घरातले आणि शाळेतले सगळेच म्हणायचे. एडीएचडीच्या मुलाबद्दल हा प्रश्न हमखास विचारला जातो. उत्तर असं की या मुलांकडे लक्ष नसतं असं नाही; ते हवं तेव्हा, हवं तिथे वळवता येत नाही. आवडीच्या गोष्टीवर ते चिकटून बसतं आणि नावडत्या गोष्टीवर टिकतच नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये, तो सात वर्षांचा आणि दुसरीत असताना, मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात निदान झालं. डहाणू रोडहून पहाटेची लोकल, अडीच-तीन तासांचा प्रवास, केसपेपरची रांग, आणि डॉक्टरबाईंसमोर खुर्चीवर उलटा बसलेला माझा लेक. त्यांनी त्याचं वजन केलं, उंची मोजली, नाडी आणि रक्तदाब पाहिला, घरात कुणाला हृदयाचा त्रास आहे का ते विचारलं. मग सासूबाईंना विचारलं, "घरी आणखी काही देता का?" सासूबाई घाबरत म्हणाल्या, "दम केलेलं पाणी देते." डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, "द्या की. गोळी त्याच पाण्याबरोबर द्या, म्हणजे एकही दिवस चुकणार नाही." त्या दिवसापासून सासूबाई औषधाच्या बाजूने झाल्या. घरातलं निम्मं युद्ध तिथेच संपलं.

उरलेलं निम्मं औषधाच्या दुकानात सुरू झालं. लिहून दिलेलं औषध होतं मेथिलफेनिडेट. आपल्याकडे ते शेड्यूल एक्समध्ये येतं. म्हणजे दुकानदाराकडे त्यासाठी वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक प्रत तो दोन वर्षं जपून ठेवतो आणि औषध कुलपात ठेवतो. अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीतही त्याचं नाव आहे. असा परवाना काढण्याच्या भानगडीत गावाकडचा दुकानदार पडत नाही. तालुक्यात तीन दुकानांनी मान हलवली. चौथ्याने चिठ्ठी बघून आवाज खाली केला, "मॅडम, हे नशेच्या यादीतलं आहे." माझी नणंद शेजारीच उभी होती. घरी येईपर्यंत वाक्य तयार झालं होतं, "भाभी, एवढ्याशा पोराला नशेची गोळी?"

तिला मी जे सांगितलं तेच इथे लिहिते. कायदा कडक आहे कारण मोठी माणसं या औषधाचा गैरवापर करू शकतात. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत ते मुलाला नशा आणत नाही. ते मेंदूतल्या डोपामाइन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन या रसायनांवर काम करतं आणि लक्ष धरून ठेवायला मदत करतं. औषध जुनंही आहे. १९४४ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत पानिझोन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ते तयार केलं आणि आपल्या पत्नीच्या नावावरून, रीटावरून, त्याला रिटालिन हे नाव मिळालं. त्याच्याही आधी, १९३७ मध्ये, अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी याच जातीचं दुसरं औषध ३० मुलांना दिलं होतं. त्यातल्या जवळपास निम्म्यांचा शाळेतला अभ्यास एकदम सुधारला. मुलं त्यांना गणिताच्या गोळ्या म्हणू लागली. मला त्या गोष्टीतले उरलेले निम्मेही महत्त्वाचे वाटतात. एकच औषध सगळ्यांना सारखं लागू पडत नाही हे पहिल्या प्रयोगातच दिसलं होतं.

आता मात्रेबद्दल. डॉक्टरबाईंनी सकाळी ५ मिलिग्रॅम आणि दुपारी ५ असं सुरू केलं. दोन आठवडे काहीच फरक नाही. मग १०. तिसऱ्या दिवशी त्याने शुद्धलेखनाचं पान एका बैठकीत संपवलं आणि स्वतःच चकित होऊन ते मला दाखवायला स्वयंपाकघरात आला. आमच्या घरात त्या दिवशी शीरखुर्मा झाला, ईद नसताना. नंतर वर्गशिक्षकांच्या सांगण्यावरून, दुपारनंतर तो अजून उठतो म्हणून, मात्रा १५ झाली. आणि शाळेतून निरोप आला, "आता एकदम उत्तम. वर्गात आवाजसुद्धा नाही."

मी स्वतः शिक्षिका आहे. साठ मुलांच्या वर्गात एक मूल गप्प झालं की किती बरं वाटतं ते मला सांगायला नको. पण घरी मी त्याची चित्रं बघत होते. १० मिलिग्रॅमच्या दिवसांत नाचणाऱ्यांची रांग वळत होती, मध्ये तारपावाला होता, कडेला कोंबडी आणि कुत्रा भांडत होते. १५ च्या आठवड्यात त्याने एकच माणूस काढला, मग त्याच्या शेजारी तसाच दुसरा, मग तिसरा, पानभर. हात हलत होते आणि चेहरा कोरा होता. मी "छान आहे" म्हटलं तर त्याने वरही पाहिलं नाही. पुढच्या भेटीत मी दोन्ही कागद टेबलावर ठेवले. डॉक्टरबाईंनी दोन्हींकडे बराच वेळ पाहिलं आणि मात्रा पुन्हा १० वर आणली. त्या म्हणाल्या, मात्रा जास्त झाली की मूल असं थिजतं, आणि वर्गाला ते सुधारणेसारखं दिसतं.

हे मी शिक्षक वाचकांसाठी मुद्दाम सांगते आहे. डॉक्टर मात्रा ठरवतात ती आपण दिलेल्या माहितीवर. अमेरिकेत १९९९ साली एमटीए नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ५७९ मुलं होती आणि तो चौदा महिने चालला. त्यात ज्या मुलांना औषध दिलं, त्यांची मात्रा ठरवायला सुरुवातीचे २८ दिवस दिले होते. मात्रा आलटून पालटून बदलायची आणि आज कोणती आहे हे आई-वडिलांना आणि शिक्षकांना कळू न देता त्यांच्याकडून रोज मूल कसं होतं ते लिहून घ्यायचं. इतक्या काळजीने औषध बसवलेल्या मुलांमध्ये लक्ष आणि चंचलता यांत चांगली सुधारणा झाली. आपल्या सरकारी रुग्णालयाच्या गर्दीत २८ दिवस कोण कुणाकडे बघणार? पण एक वही तर ठेवता येते. मी ठेवली. त्यात रोज एकच ओळ: डबा किती संपला, कुणाशी भांडण झालं का, चार वाजता मूड कसा होता, चित्र काढलं का, झोप किती वाजता लागली. "शांत होता" हा शब्द त्या वहीत लिहायचा नाही, असा नियम मी स्वतःला घातला होता.

डब्याचा रकाना मात्र दर आठवड्याला मला रडवत होता. या गोळीने भूक मरते. डबा जसाच्या तसा परत यायचा. ऑगस्टमध्ये २२ किलो असलेलं पोर फेब्रुवारीत साडेएकवीसवर होतं. सात वर्षांच्या मुलाने सहा महिन्यांत वाढायला हवं. चार वाजता गोळी उतरली की कारण नसताना रडारड, आणि रात्री नऊला एकदम वाघासारखी भूक. मग घराचं जेवणाचं वेळापत्रकच फिरवलं. गोळीच्या आधी तांदळाची भाकरी, तूप आणि दोन अंडी. डब्यात दोन घास पुरे. रात्री साडेनऊला दुसरं पूर्ण जेवण. झोपताना दुधात कुस्करलेले चिकू. घोलवड-डहाणूच्या चिकूला मानांकन मिळालं ते चवीसाठी. आमच्या घरी त्याचा मान वजन टिकवल्याबद्दल आहे. एमटीएच्याच मुलांचा तीन वर्षं पाठपुरावा झाला तेव्हा औषध नव्याने सुरू करून चालू ठेवलेली मुलं औषध न घेणाऱ्यांपेक्षा उंचीला सुमारे २ सेंटिमीटर मागे राहिली होती. फार मोठा आकडा नाही. पण तो आपल्या मुलाचा असेल तेव्हा दाराच्या चौकटीवरची पेन्सिलची खूण रोज दिसते.

मार्च २०२०. लॉकडाऊन लागला, लोकल बंद पडली आणि घरात गोळ्या आठ दिवसांच्या उरल्या. फोनवर डॉक्टरबाई भेटल्या, पण त्यांचे हात बांधलेले होते. त्याच महिन्याच्या २५ तारखेला केंद्र सरकारने टेलिमेडिसिनचे नियम जाहीर केले होते. फोनवरून तपासून औषध लिहून द्यायला त्यात मुभा मिळाली, पण शेड्यूल एक्समधली औषधं वगळून. ज्या औषधासाठी मुंबई गाठावी लागते नेमकं तेच. तेव्हा त्यांनी दुसरं नाव सुचवलं, अ‍ॅटोमोक्सेटिन. वजन थांबलेलं असल्याने तो विचार त्यांच्या मनात होताच. ते उत्तेजक नाही, शेड्यूल एक्समध्ये नाही, आणि डहाणूचा दुकानदार मागवून देऊ शकत होता.

हे औषध अगदी वेगळ्या स्वभावाचं. मेथिलफेनिडेट अर्ध्या तासात कामाला लागतं आणि साधी गोळी असेल तर तीन-चार तासांत उतरते. अ‍ॅटोमोक्सेटिन रोज घ्यायचं आणि आठवडेच्या आठवडे वाट बघायची. सुरुवातीला मळमळ, पेंग. पहिल्या महिन्यांत मुलाच्या मनःस्थितीवर नजर ठेवा, फार उदास दिसला किंवा जिवाचं काही बोलला तर ताबडतोब फोन करा, असं डॉक्टरबाईंनी बजावून सांगितलं होतं. कॅप्सूल उघडून भुकटी दुधात घालायची नाही, ती डोळ्यांना झोंबते. त्यामुळे आठ वर्षांच्या मुलाला कॅप्सूल गिळायला शिकवणं आलं. आधी साखरेचा दाणा, मग साबुदाणा, मग शेंगदाण्याचा तुकडा. चार दिवस लागले.

एका वाचक भगिनीने मागे विचारलं होतं की कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असतं, त्याचं काय केलंत? आम्ही आमच्या मौलानांना विचारलं. ते म्हणाले, मुलाच्या इलाजाची गरज आहे आणि पर्याय हाताशी नाही, तेव्हा शंका बाजूला ठेवा. आम्ही ठेवली. ज्यांना वेगळं वाटतं त्यांनी आपल्या आलिमांना विचारावं, पण डॉक्टरांना न सांगता औषध मात्र बंद करू नये.

सातव्या आठवड्यापर्यंत माझ्या वहीत "काही नाही" एवढंच आहे. आठव्यात एक ओळ सापडते: "मोबाईलवरचा उर्दूचा धडा पूर्ण ऐकला, मध्ये एकदाच उठला." मेथिलफेनिडेटसारखा लख्ख फरक नव्हताच. पण डबा (म्हणजे तेव्हा घरचंच ताट) संपत होता, संध्याकाळची रडारड गेली होती, आणि नाचाच्या रांगेत कुत्रा परत आला होता.

अ‍ॅटोमोक्सेटिनची मात्रा वजनावर ठरते. किलोमागे ०.५ मिलिग्रॅमपासून सुरू करून साधारण १.२ पर्यंत नेतात. आमचं १०, मग १८, मग २५ झालं. २२ किलोच्या मुलाला २५ बरोबर बसलं. दोन-तीन वर्षं निभावली, शाळा पुन्हा उघडल्या, तो चौथीत, मग पाचवीत गेला. आणि २०२३ च्या जूनमध्ये, सहावी सुरू होताच, तक्रारींची रांग लागली. गृहपाठ नाही, मारामारी, मैदानातून वर्गात यायला तयार नाही. नातेवाइकांचा निष्कर्ष तयारच होता, "औषधाचा असर संपला, सवय झाली शरीराला." काहींनी तर औषधामुळेच असं झालं म्हणून सांगितलं. डॉक्टरबाईंनी त्याला काट्यावर उभं केलं. ३३ किलो. त्यांनी कागदावर भागाकार केला, २५ भागिले ३३, आणि कागद माझ्याकडे सरकवला. पाऊण सुद्धा जेमतेम. मुलगा दीडपट झाला होता आणि कॅप्सूल तीच होती. ४० ची सुरू केली. पुढच्या दोन महिन्यांत तक्रारी बऱ्याच कमी झाल्या. सगळ्या नाही. अकरा वर्षांच्या मुलाच्या काही तक्रारी औषधाने जाणाऱ्या नसतातच.

२०२४ च्या रमजानमध्ये त्याने पूर्ण रोजे धरण्याचा हट्ट धरला. त्याच्यावर रोजा अजून फर्ज नव्हता, आजारी माणसाला सवलत आहे हेही त्याला मदरशात शिकवलेलं होतं. पण वर्गातले मित्र धरत होते. मी नाही म्हणाले नाही, डॉक्टरबाईंना फोन केला. अ‍ॅटोमोक्सेटिन दिवसातून एकदाच घ्यायचं असल्याने वेळ बदलता येत होती. रमजानच्या दोन आठवडे आधीपासून कॅप्सूल सकाळच्या न्याहारीऐवजी संध्याकाळच्या जेवणासोबत देऊन पाहिली. रिकाम्या पोटी मळमळतं, म्हणून इफ्तारला आधी खजूर आणि पाणी, मग जेवण, मग कॅप्सूल. पहिलंच औषध चालू असतं तर सकाळ आणि दुपार अशा दोन वेळा सांभाळणं जमलं नसतं. त्याने अकरा रोजे केले. बारावा सोडला तो मी सांगून नाही, उन्हात फुटबॉल खेळून.

जे पालक अजून निदानापर्यंतही पोचलेले नाहीत त्यांच्यासाठी दोन गोष्टी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या पालघरमधूनच झाली. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये ज्या तक्रारी तपासायच्या, त्या यादीत एडीएचडी आहे. तपासणीचं पथक शाळेत येतं तेव्हा दात आणि डोळे त्यांना दिसतात. लक्ष टिकत नाही हे पाच मिनिटांत कुणालाच दिसणार नाही. ते वर्गशिक्षकाने आधी लिहून, त्या मुलाला पुढे करून सांगायला हवं. मी माझ्या वर्गातल्या अशा मुलांची नावं वेगळ्या कागदावर तयार ठेवते. दुसरं, टेली-मानसचा १४४१६ हा फोन नंबर. तिथे मराठीत बोलता येतं. औषध कुठे मिळेल यापेक्षा आधी कुणाकडे जायचं, हे विचारायला तो चांगला आहे.

आता तो तेरा वर्षांचा आहे, आठवीत. वजन ४१ किलो, उंचीला माझ्या खांद्याच्या वर. आवाज फुटायला लागलाय. शेवटच्या भेटीत पहिल्यांदाच डॉक्टरबाईंनी मला बाहेर बसवून त्याच्याशी वीस मिनिटं एकट्याशी बोलल्या. लोकलमध्ये परत येताना त्याने सांगितलं की ४० ची कॅप्सूल ठीक आहे, पण गणिताच्या तासाला अजून "डोक्यात बाजार भरतो." त्याने स्वतःहून त्यांना विचारलं होतं, ती लहानपणची गोळी आता चालेल का? आता अंग भरलंय, वजनाची भीती पूर्वीइतकी नाही, आणि दिवसभर टिकणारी गोळी मिळते. परवानावाला दुकानदारही आता पालघरला सापडला आहे.

डॉक्टरबाई म्हणाल्या, करून पाहू, पण सुट्टीत नको. दिवाळीच्या सुट्टीत तो दिवसभर चित्रं काढेल आणि गोळी चालली की नाही ते कळणारच नाही. सुट्टीनंतर शाळा उघडली की पहिले चार आठवडे, आधी कमी मात्रा, दर शनिवारी वजन, आणि वही. या वेळी वही त्याने लिहायची आहे. मी रकाने आखून दिले. त्याने "भांडण" हा रकाना खोडला आणि तिथे "गणित" लिहिलं.